आधी हात, मग मशीन

गाडीला हात लावल्याशिवाय आमचे हे मशीनला हात लावत नसत. हे म्हणजे माझा नवरा. अमरावती रोडवर वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मागच्या गल्लीत त्यांनी टिनाचं शेड टाकलं आणि गाड्या पॉलिश करायचं काम सुरू केलं, तेव्हा आमच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. शेडच्या मागे दोन खोल्या, तिथेच आम्ही राहायचो, अजूनही राहतो. माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यासमोर खिडकी आहे, त्यातून सगळं शेड दिसतं. गाडी आली की धुऊन पुसून सावलीत उभी करायची, आणि मग हे बॉनेटवर डावा तळवा ठेवून गप्प उभे राहायचे. डॉक्टर पोट चाचपतो तसे दार, छत, डिकी असं हात ठेवत ठेवत गाडीभोवती फिरायचे. मी खिडकीतून टोमणा मारायची, की मला कधी एवढ्या मायेनं हात लावला नाही, ही लोखंडाची सवत बरी नशीबवान. हे हसायचे आणि दर वेळी तेच म्हणायचे, "आधी हात, मग मशीन."

हे वाक्य त्यांच्या उस्तादाचं होतं. खाप्याहून नागपूरला आल्यावर ज्या गॅरेजमध्ये हे काम शिकले, तिथल्या म्हाताऱ्या उस्तादानं त्यांना मशीन द्यायच्या आधी नुसते पत्रे चाचपायला लावले होते. मला तेव्हा ही थट्टाच वाटायची. त्यात किती शहाणपण होतं ते कळायला फार वाईट दिवस यावे लागले.

लोकांना वाटतं पॉलिश म्हणजे गाडीला वरून काहीतरी लावतात आणि ती चमकते. तसं नसतं. कंपाउंड म्हणजे दात घासायच्या पेस्टसारखं दिसणारं, पण आत बारीक रेतीसारखं खरखरीत असलेलं मलम. ते पत्र्यावर टाकायचं आणि लोकरीचा गोल पॅड लावलेलं मशीन त्यावर फिरवायचं. पॅड गरगर फिरतो आणि रंगाचा वरचा पापुद्रा खरवडून काढतो. ओरखडा जेवढा खोल, तेवढा आजूबाजूचा रंगच खाली आणायचा, मग ओरखडा दिसत नाही. म्हणजे लावत काहीच नाहीत, काढतात. दर सणाला गाडी चमकवायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना हे समजावून सांगायचे, की भाऊ, यंदा नको, हिच्या अंगावर आता कातडं उरलं नाही. आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवलं की माझा संताप व्हायचा. धंदा करायला बसलात की कीर्तन करायला, असं मी विचारायची.

आणि या मशीनचा खरा धोका म्हणजे उष्णता. एका जागी जरा घुटमळलं की पत्रा तापतो. जिथे पत्र्याला घडी असते, कड असते, तिथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो. तिथे तापलं की डोळ्याची पापणी लवायच्या आत वरचा थर जळतो आणि खालचा पांढरा दिसायला लागतो. मग कोणतंही पॉलिश तो परत आणत नाही. म्हणून दोन-चार फेऱ्या झाल्या की डावा हात मशीनवरून काढून तळवा पत्र्यावर ठेवायचा. सोसवतंय तोवर पुढे जायचं. गरम लागलं की मशीन उचलायचं, एक पाऊल मागे सरायचं आणि दोन्ही हात गाडीपासून दूर धरून थांबायचं. ही सवय ह्यांच्या अंगात इतकी भिनली होती, की ताटातली भाजी गरम लागली तरी हे दोन्ही हात वर धरून मागे सरायचे आणि आमची पोर खदाखदा हसायची.

आमच्याकडचा उन्हाळा काय असतो ते वेगळं सांगायला नको. चैत्र लागला की सावलीतला पत्रासुद्धा तव्यासारखा होतो. तेव्हा अख्खं गाव कूलरपुढे पडलेलं असायचं आणि हे शेडमध्ये पाणी मारून, ओलं पोतं टांगून, पत्र्याशी कानगोष्टी करत असायचे. तळव्याला जे कळायचं ते त्यांना दुसऱ्या कशानंही कळत नसे. विमानतळाजवळ मिहानमधल्या कंपनीत नोकरी करणाऱ्या एका गिऱ्हाइकानं त्यांना ताप मोजायची ती बंदूक आणून दिली होती, करोनात दारोदारी कपाळावर रोखायचे तसली. दोन दिवस वापरून ह्यांनी ती पोरीला खेळायला दिली. का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "आकडा पाह्यला का हात थांबते, अन् हात थांबला का रंग जळते."

हात बिघडायला कधी लागले ते मला सांगता येणार नाही, कारण मला ते कळलंच नाही. हिवाळ्यात सकाळी मशीन बंद केलं की त्यांची बोटं टोकाला पांढरी पडायची, खडूसारखी. हे हात झटकायचे, कोमट पाण्यात बुडवायचे आणि हात झोपले म्हणायचे. आम्ही दोघंही हसायचो. मग एका हिवाळ्यात ते मला शर्टाचं वरचं बटण लावून मागायला लागले. रोज सकाळी ओट्याशी येऊन मान वर करून उभे राहायचे. इतक्या वर्षांनी नवऱ्याला लाड सुचतायत म्हणून मी, पोर एवढी मोठी झालेली असताना, नव्या नवरीसारखी लाजत होते. मुद्दाम सावकाश बटण लावायची. त्या माणसाच्या बोटांना बटण सापडत नव्हतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आज त्या सकाळी आठवल्या की वाटतं, देवाधर्माचं आम्ही काही मानत नाही ते बरं आहे, नाहीतर कुणाला तरी फार शिव्या घातल्या असत्या.

एकदा चहा गाळून स्टीलचा गिलास ठेवला, अजून बुडबुडे फुटत होते. मी फडकं शोधेपर्यंत ह्यांनी तो मुठीत धरून उचलला आणि दारापर्यंत गेलेसुद्धा.

"तुमाले चटका नाई लागत का?" मी विचारलं.

"सवय हाये वं," हे म्हणाले. मलाही ते पटलं, कारण कष्टकरी माणसाचे हात असेच असतात असं लहानपणापासून ऐकलेलं.

आमच्या धंद्यात दसऱ्याच्या आधीचे दिवस फार धावपळीचे. शहरातल्या प्रत्येकाला पूजेला गाडी चकचकीत हवी असते. आमच्या घरी मात्र तो दिवस दीक्षाभूमीचा. त्या दिवशी शेड बंद, पांढरे कपडे घालून आम्ही तिघं निघतो. त्यामुळे सगळं काम आदल्या दिवशीपर्यंत हातावेगळं करावं लागतं. त्या वर्षी शेवटची गाडी होती एक काळी, जुनी घेतलेली. मालक आमच्यातलाच, तरुण, जयभीम करून आत आला तो गाडी सोडून जाईनाच. त्यांच्या घरातली ती पहिली गाडी. आई खेड्यावर राहायची, दर वर्षी एसटीनं, नाहीतर ट्रकमध्ये उभी राहून दीक्षाभूमीवर यायची. यंदा तिला गाडीतून आणणार होता. माय गाडीत बसंल तवा गाडी नवीन दिसली पाह्यजे, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. ह्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला आणि होईल म्हणाले.

दुपारची वेळ होती. मी भाकरी करत होते. जळका वास आला आणि मी आधी तवा पाहिला, मग गॅस पाहिला. वास भाकरीचा नव्हता, प्लास्टिक करपल्यासारखा होता. खिडकीतून पाहिलं तर मशीन बंद होतं. हे बॉनेटवर वाकलेले, डावा तळवा पत्र्यावर टेकवलेला, उस्तादानं शिकवला तसाच. मी हाताचं पीठ न धुता धावले. बॉनेटच्या घडीवर बोटाएवढा पांढरा पट्टा उठला होता. काळ्यावर पांढरं, लपवायला जागाच नाही. आणि ह्यांचा हात त्याच्या अगदी शेजारी होता.

"सांग वं," त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "हे गरम हाये का?"

मी बोट लावलं आणि झटक्यानं मागे घेतलं. रोज तव्यावर भाकरी उलटणारी बाई मी, माझंच बोट पोळलं. त्यांचा हात ओढून वर केला तर तळवा लालभडक झाला होता, फोड धरायला सुरुवात झाली होती. हे हाताकडे पाहतच नव्हते, त्या पांढऱ्या पट्ट्याकडे पाहत होते. मला रडू आलं नाही, राग आला. इतका राग आला की फोड आलेला हात मी तसाच घट्ट धरून ठेवला, दुखेल म्हणून. तो दुखलासुद्धा नाही.

संध्याकाळी तो तरुण आला. ह्यांनी काही लपवलं नाही, पट्टा दाखवला, हातही दाखवला. आम्हाला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो थोडा वेळ गाडीभोवती फिरला, मग डिकीतून पंचशील ध्वज काढला आणि पट्टा झाकला जाईल असा बॉनेटवर टेपनं चिकटवला.

"असू द्या दादा," तो म्हणाला. "माय काई बॉनेट पाह्याले नाई येऊन राह्यली."

पुढे आम्ही ते बॉनेट रंगवून दिलं, पण जुन्या काळ्याला नवा काळा कधी जुळत नाही. दसऱ्याच्या दिवशी दीक्षाभूमीवर एवढा जनसागर, आणि हे प्रत्येक म्हाताऱ्या बाईकडे बघत होते, ही तर त्याची आई नसेल, म्हणून. पोरीनं विचारलं बाबा कोणाला शोधता, तर तिला पुढे चल म्हणाले.

डॉक्टरकडे जायला ते तयार नव्हते. हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणाले. मी जबरदस्तीनं मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी बोटांना टाचणी टोचून पाहिली, थंड-गरम लावून पाहिलं. ह्यांचे डोळे मिटलेले, आणि टोचलं की नाही ते मी पाहत होते. त्या टोचत होत्या आणि हे नाही, नाही म्हणत होते. बाई चांगल्या होत्या, नीट समजावलं. वर्षानुवर्षं मशीनच्या थरथरीनं बोटांतल्या नसा मेल्या आहेत, गेलं ते येईल असं सांगता येत नाही, पण मशीन आजच सोडलं तर उरलंय तेवढं राहील. नव्या पद्धतीचं मशीन घेतलं तर चालेल का, असं मी विचारलं. ते रंग कमी जाळतं पण हाताला थरथर त्याचीही असतेच, असं हेच मध्ये बोलले. बसमध्ये परत येताना एवढंच म्हणाले, "उरलं ते ठेवून करू काय मी?"

मशीन सोडलं. दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायला लागले. ज्यांना काम शिकवलं होतं ते केव्हाच काचेच्या एसी दुकानांत गेले होते, वाडीच्या धुळीत कोण येतो. गल्लीतून गाडी गेली की हे सांगायचे, हिला कोरड्या फडक्यानं पुसतात, हिचं दार एकदा रंगवलंय. कोणाला सांगायचे? मलाच. मी शिलाई मशीनवर बसलेली असायची, हूं म्हणायची. एक दिवस मला ते हूं म्हणणंही असह्य झालं. माणूस खुर्चीत बसल्या बसल्या संपत होता आणि मी फॉल-पिको करत होते. उठले, त्यांच्यासमोर तळवा धरला आणि म्हणाले, "माहा हात घ्या."

मग ते सुरू झालं. हे मशीन चालवायचे आणि मी शेजारी उभी राहून तळवा पत्र्यावर ठेवायची. सुरुवातीला ते माझं मनगट धरून कुठे ठेवायचा ते दाखवायचे, घडीवर, कडेवर, दाराच्या मुठीखाली. मी गरम म्हटलं की हे मशीन उचलून पाऊलभर मागे. तव्यानं मला अर्धं शिकवलेलंच होतं. ट्रकवाले थांबून बघायचे, जोडप्यानं गाडीची आरती चालवलीये म्हणून हसायचे. खोटं कशाला बोलू, ते दिवस मला सुखाचे वाटले. लग्नानंतर इतका वेळ आम्ही एकमेकांच्या शेजारी कधी उभे राहिलो नव्हतो. गाड्या चांगल्या व्हायला लागल्या, एकही कड जळली नाही. हे पुन्हा जेवायला लागले.

पण बटण काही त्यांना लावता येईना. मग चमचा निसटायला लागला. मग पोरीच्या वहीला कव्हर घालताना कागदाची कड सापडेना. उजवा हातही गेला, मनगटापर्यंत. डॉक्टरीण बाईंनी सांगितलेलं मी विसरले नव्हते, कशी विसरेन. मशीनची थरथर तीच होती, हात तेच होते. पत्रा जळू नये म्हणून माझा हात होता. त्यांचे हात जळत होते त्यावर कुणाचाच हात नव्हता. बंद करा म्हटलं तर ती खुर्ची डोळ्यांपुढे यायची. चालू ठेवा म्हटलं तर हातांचं हे असं. आगीतून फुफाट्यात म्हणतात, पण त्यात निदान एकदा तरी बाहेर पडलेलं असतं. मी रोज सकाळी त्यांच्या शर्टाचं बटण लावते आणि आम्ही शेडमध्ये जातो. दुसरं काय करावं ते मला आजही सुचलेलं नाही.

या उन्हाळ्यात पोरीची परीक्षा होती. भर दुपारी पेपर देऊन आली ती दारातच बसली. डोळे लाल, ओठ सुकलेले. ऊन लागलं होतं. मी तिला कूलरसमोर निजवलं, तळपायांना कांद्याचा रस चोळला, पन्हं करायला आंबे उकडत ठेवले. हे मशीन बंद करून आत आले, तिच्या उशाशी बसले आणि सवयीनं कपाळावर तळवा ठेवला.

तो तिथेच राहिला. मला दिसत होतं, त्यांचा सगळा चेहरा त्या तळव्यात जाऊन बसला होता. लहानपणी तिला ताप आला की माझ्याआधी ह्यांना कळायचं. पत्र्यापेक्षा पोरगी सोपी, म्हणायचे. त्यांनी हात उलटा करून पाहिला, मग गालाला लावून पाहिला. मग माझं मनगट धरलं, शेडमध्ये धरतात तसं, आणि माझा तळवा तिच्या कपाळावर ठेवला. आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबले.

पोरगी भट्टीसारखी तापली होती.

"गरम हाये," मी म्हणाले.

तो शब्द ऐकताच त्यांनी दोन्ही हात तिच्यापासून उचलले आणि उठून एक पाऊल मागे सरले. हात तसेच अधांतरी धरून उभे राहिले. आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. पोरीनं डोळे किलकिले केले, मान वळवून त्यांना शोधलं.

"बाबा," ती म्हणाली, "हात काहून काढला?"

कूलर चालू होता, आंबे उकडत होते. हे तिच्याकडे पाहत होते, मग माझ्याकडे पाहायला लागले, मी काय सांगते ते ऐकायला.